झावळ्यांची मिरवणूक टिटवीच्या मागे

दिघीची खाडी,
दुःखसहनाच्या आठवड्यातला मंगळवार, सकाळ

प्रिय आणि आदरणीय दादा,

तुला नि वहिनीला धाकट्या बहिणीचा प्रभूच्या नावात सलाम. तुझी साखर आटोक्यात आहे ना? की अजूनही उपासना संपल्यावर प्रत्येक घरचा केक 'कुणाचं मन मोडू नये म्हणून' खातोस? वहिनीच्या गुडघ्याला आता कसं आहे? तिला म्हणावं, सारखे जिने चढू नकोस, आणि दादाला वरच्या मजल्यावरून हाका मारायची खोड आहे ती आधी मोडून काढ. आम्ही इथे प्रभूकृपेने सुखरूप आहोत. (सुखरूप आहोत एवढंच म्हणते, सुखात आहोत की नाही ते पत्र संपेपर्यंत तूच ठरव.) वहिनीची लोणच्याची बरणी परत पाठवतेय. बरणी रिकामी पाठवू नये म्हणून तिच्यात सुक्या कोळंबीचे सोडे भरलेत. तू वाकडं तोंड करू नकोस, ते तिच्यासाठी आहेत.

आता पहिलं काम. हे पत्र आणि ती बरणी घेऊन आलेले दोन गृहस्थ तुझ्या दारात उभे असतील. त्यांना आत घे, पाणी दे, आणि पत्र वाचायच्या आधी दोघांकडे एकदा डोळे भरून बघ. बुटके, पांढरी टोपी घातलेले आणि दाराची चौकट सरळ आहे की नाही ते तपासणारे म्हणजे शांतवनकाका गोर्डे. आमच्या मंडळीच्या कमिटीतले सर्वांत जुने वडील, निवृत्त मुख्याध्यापक. (नाव शांतवन, पण आजवर त्यांनी कुणाचं सांत्वन केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.) त्यांचे आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होऊन नगरहून इथे आले, म्हणून देवळाचं प्रत्येक कौल आपल्या घरचं आहे असं काकांना वाटतं. दुसरे उंच, काळेसावळे, ज्यांच्या हळू बोलण्यानेही तुझ्या कपाटाच्या काचा थरथरतील, ते ठोंबरे. बंदरावर क्रेन चालवतात. मागच्या काही वर्षांत जालन्याकडून कामाला आलेल्या कुटुंबांचे पुढारी. दोघांना एकाच सोफ्यावर बसव. बसतील. आणि हे नुसतं बसणं काय चीज आहे ते तुला पुढे कळेल.

रविवारी दुपारी ह्याच दोघांनी तुला, म्हणजे सगळ्या पाळकांच्या मोठ्या साहेबांना, फोन करून आपल्या पाळकाची, तुझ्या मेहुण्यांची, तक्रार केली, आणि संध्याकाळी तू मला फोन करून म्हणालास की सगुणा, विनेशच्या डोक्यात पक्षी शिरलेत असं मंडळी म्हणते, मला लेखी खुलासा हवा, नाहीतर ईस्टरनंतर त्याची बदली करून त्याला पुण्याच्या ऑफिसात फायलींपुढे बसवतो, तिथे खिडकीबाहेर फक्त दुसरी भिंत आहे. खुलासा ह्यांनी लिहायला हवा होता हे खरं. पण कागद पुढे ठेवला तर ह्यांनी त्यावर बगळ्याचं चित्र काढलं. म्हणून मी लिहितेय.

तुला वाटलं असेल, पुण्याचं नाव ऐकून सगुणाला आनंद झाला असेल. पाच वर्षांपूर्वी झाला असता. इथे आले तेव्हा मी रोज रात्री रडायचे ते तुला ठाऊक आहे. म्हसळ्याला गेल्याशिवाय धड ब्लाउजपीस मिळत नव्हता. पण आता ह्या माणसांत माझा जीव गुंतलाय दादा, आणि ह्यांचा तर फारच. तेव्हा खुलासा करते, पण सांगून ठेवते, ह्या सगळ्याचं मूळ तू आहेस.

हो, तू! दोन वर्षांपूर्वी मांडव्याला पाळकांचं शिबिर झालं. विषय होता 'ख्रिस्ती पुढारीपण'. तू गेटवेहून बोटीने उतरलास, बोट लागल्यामुळे लिंबू हुंगत उतरलास, आणि तासाभराने व्यासपीठावर उभा राहून म्हणालास, पुढारी म्हणजे गरुड! तो उंच उडतो, एकटा उडतो, त्याची नजर दूरवर असते, वादळाला तो छाती देतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या साहेबांनीही वाजवल्या. आणि घरी येऊन म्हणाले, सगुणा, मी आयुष्यात गरुड नीट पाहिलेलाच नाही. जे पाहिलं नाही तसं व्हायचं कसं? झालं. पुढच्या आठवड्यात बोटीवर काम केलेल्या एका म्हाताऱ्याकडून जुनी दुर्बीण आली. तिच्या एका डोळ्यातून दिसतं, दुसऱ्यातून बुरशी दिसते.

त्यांना गरुड सापडला, बरं का. खाडीच्या तोंडाशी सुरूच्या झाडावर समुद्री गरुडाची जोडी आहे. रोज पहाटे प्रार्थना करून हे तिथे जाऊन बसायचे. महिन्याभराने मी विचारलं, काय शिकलात पुढारीपण? म्हणाले, दिवसाचा बहुतेक वेळ तो बसून असतो. भूक लागली की घारीच्या तोंडचा मासा हिसकावतो. नाहीच मिळाला तर किनाऱ्याला लागलेलं मेलेलं खातो. असे पुढारी मी पुष्कळ पाहिलेत, आणखी एकाची गरज नाही. (हे मी तुला तेव्हा कळवलं नाही. तुझी साखर वाढली असती.) आणि मग म्हणाले, प्रभूने स्वतःला उपमा द्यायची वेळ आली तेव्हा गरुड घेतला नाही, पिल्लांना पंखाखाली घेणारी कोंबडी घेतली, हे दादांच्या लक्षात कसं आलं नाही? मी म्हटलं, दादांना कोंबडी दुसऱ्याच रूपात आवडते. रागावू नकोस, तोंडातून निघून गेलं.

छंद तिथेच थांबला असता तर मी काही बोलले नसते. पण ह्या माणसाचं कुठलंच प्रेम अर्धवट नसतं. आमच्या मंडळीतल्या केसरमावशींच्या म्हसळ्याच्या भाचीचं लग्न लावायचं होतं त्या सकाळी हे खाडीकाठच्या खाजणात कुठलासा तुतारी नावाचा पक्षी बघायला गेले आणि मांडीपर्यंत चिखलात रुतले. कोळ्यांनी दोरी टाकून ओढलं. माणूस आला, उजवा बूट आला नाही. लग्न लावलं ते नवरीच्या मामाच्या चपला घालून, त्याही दोन्ही डाव्या. (फोटो बघशील तर ह्यांचे पाय प्रत्येक फोटोत टेबलामागे आहेत.) पुढे एकदा जेटीजवळ दुर्बीण रोखून उभे होते, तर पहाऱ्यावरच्या पोलिसदादांनी हेर समजून बाकावर बसवून ठेवलं. शेवटी ठोंबरेंनी क्रेनवरून उतरून ग्वाही दिली की हे आमचे पाळक आहेत, थोडे असे आहेत, पण माणूस सोन्यासारखा. 'असे' म्हणजे कसे, ते त्यांनी हातानेच दाखवलं म्हणे.

आता मूळ दुखण्याकडे येते. तू इथल्या मंडळीचा फोटो बघतोस तेव्हा तुला तीसेक कुटुंबं एका छपराखाली दिसतात. पण मागच्या नाताळापासून ही एक मंडळी नव्हतीच. जुने म्हणजे गोर्डेंचे, नवे म्हणजे ठोंबरेंचे. जुन्यांना गाणी हार्मोनियमवर, सावकाश, प्रत्येक कडवं पुरतं विव्हळून हवीत. नव्यांना ढोलकी नि टाळ्या हव्यात. नाताळाच्या गाण्यांच्या फेरीला दोन टोळ्या निघाल्या आणि दोन्ही टोकांनी एकाच वेळी केसरमावशींच्या अंगणात पोचल्या. एकीकडे हार्मोनियम, दुसरीकडे ढोलकी, मध्ये मावशी. मागे हटायला कुणी तयार नाही. दोघांनी आपापलं गाणं शेवटपर्यंत म्हटलं आणि शेजारच्या पुतळाबाईंच्या म्हशीने दावं तोडलं. मावशींनी एका टोळीला ओटीवर चहा दिला, दुसरीला पडवीत, आणि स्वतः स्वयंपाकघरात बसून रडल्या. तेव्हापासून देवळात जुने उजवीकडे, नवे डावीकडे. मधली वाट एवढी रुंद झाली की दिघीहून आगरदांड्याला जाते तशी फेरीबोट तिथेही टाकावी लागली असती.

आणि भांडणाचा खरा मुद्दा ऐकशील तर कपाळाला हात लावशील. झावळ्यांच्या रविवारी आणि ईस्टरच्या पहाटे मिरवणुकीत पाळकाच्या मागोमाग क्रूस घेऊन पुढे कोणी चालायचं! सागाचा तो क्रूस काकांच्या आजोबांनी घडवला, तेव्हा तो गोर्डेंच्याच खांद्यावर जाणार. ठोंबरे म्हणायचे, क्रूस कुणाच्या आजोबांचा नसतो. दोघांचंही बरोबर, म्हणूनच मिटेना. उपवासकाळ सुरू झाला तोवर नव्यांनी बंदरापलीकडे एक गाळा बघून ठेवला होता. ईस्टरपासून आपली उपासना वेगळी, असं ठरत आलं होतं. दादा, हे मी तुला कळवलं नाही, कारण ह्यांनी मना केलं होतं. मंडळी फुटली असती. इतक्या वर्षांचं काम खाडीत गेलं असतं. हे रात्र रात्र कूस बदलायचे आणि मी झोपल्याचं सोंग करायचे.

आणि कमिटीत हे काय करायचे? ऐकायचे. नुसतं ऐकायचे! मला संताप यायचा. मी म्हणायचे, अहो, टेबलावर मूठ आपटा, दादा असता तर एव्हाना दोन टेबलं मोडली असती. एकदा तर भांडण अगदी हातघाईवर आलं आणि ह्यांनी ओठांवर बोट ठेवून 'श्श' केलं. सगळे गारठले. मला वाटलं, उठला एकदाचा सिंह! तर खिडकीतल्या शेवग्यावर हळद्या येऊन बसला होता. पिवळाजर्द. पाच मिनिटं सगळी कमिटी मुकाट हळद्या बघत बसली, आणि नंतर भांडण कुठवर आलं होतं ते कुणालाच आठवेना. (त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ह्या छंदात काही दम असावा. पण कबूल केलं नाही.)

अशात टिटवी आली. देवळामागच्या मैदानात मिरवणूक संपते. तिथे क्रूस उभा करायला सिमेंटची एक खोबण आहे, आजूबाजूला खडी. आणि त्या खोबणीपासून हातभर अंतरावर, उघड्या खडीत, टिटवीने चार अंडी घातली. घरटं नाही, गवताची काडी नाही, खड्यांसारखेच खडे. ह्यांना ती दिसली आणि ह्यांनी चार काठ्या ठोकून दोरी बांधली, वर पाटी लावली: 'येथे टिटवी अंडी उबवीत आहे. मंडळीने कृपया वळसा घालून जावे.' नारळ पाडायला येणारा भिकू पाटी बघून म्हणाला, "पालकसायेब, टिटवी वरडली का कोन तरी जातंय. तिला हाकला." हे म्हणाले, "भिकू, माझ्या पाटीला तर सगळे ओरडतायत, अजून कुणी गेलं नाही." तुला माहीत आहे ना, टिटवी पाय वर करून निजते म्हणतात, आभाळ पडलं तर झेलता यावं म्हणून. ह्यांनी डोळ्यांत तेल घालून बघितलं, तसं काही नसतं. पण मंडळ्यांत मात्र पाय वर करून निजणारी माणसं खूप असतात. (मी नाव घेत नाही. तुझे पाय आता खाली असतील अशी आशा आहे.)

पाटी लागली आणि गंमत झाली. काका गरजले, माझ्या आजोबांनी जिथे क्रूस रोवला तिथे पाखरू बसणार आणि मंडळी वळसा घालणार? ठोंबरे गरजले, ईस्टरचा मांडव तिथे पडायचा आहे, बांबू येऊन पडलेत! दोघे वेगवेगळे आले, वेगवेगळे ओरडले, आणि ह्यांनी दोघांना एकच उत्तर दिलं: नाही. दादा, हा माणूस लग्न झाल्यापासून मला 'नाही' म्हणालेला नाही! मी चकित, कमिटी चकित. ह्यांनी आवाज चढवला नाही, पण हटलेही नाहीत. मांडवाची जागा बदला, क्रूस दुसरीकडे रोवा, अंडी हलणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले तर चहाच्या टपरीवर काय दृश्य! शांतवनकाका आणि ठोंबरे एकाच बाकावर. नाताळानंतर पहिल्यांदा. विषय एकच, पाळकसाहेबांचं डोकं. काकांचं मत, अंडी उचलून केसरमावशींच्या खुडूक कोंबडीखाली ठेवावी. ठोंबरेंचं मत, अंड्यांवर बांबूचं डालगं झाकावं. मतभेद होते, पण केवढ्या प्रेमाचे! मी कोथिंबीर घेतली आणि गुपचूप घरी आले.

मग आला परवाचा झावळ्यांचा रविवार. मिरवणूक निघाली. पुढे पांढऱ्या झग्यात हे, मागे क्रूस घेऊन काका, त्यांच्या अगदी खांद्याला खांदा लावून ठोंबरे (गळ्यात बॅटरीवर चालणारा भोंगा), मागे सगळी मंडळी, प्रत्येकाच्या हातात नारळाची झावळी. उजवीकडचे जुन्या चालीत होसान्ना गातायत, डावीकडचे नव्या. देवळाला फेरा घालून मैदानाशी आलो, तर एवढी माणसं नि हलणाऱ्या झावळ्या बघून टिटवी उठली. आणि दादा, काय तिचं नाटक! एक पंख जमिनीवर लोंबत टाकलेला, एक पाय ओढत, टिटिवटिव करत अशी केविलवाणी फरपटत निघाली की दगडाला पाझर फुटावा. वैऱ्याने अंड्यांकडे बघू नये, आपल्या मागे यावं, म्हणून ती लंगडते. पायाला काहीएक झालेलं नसतं. हे ह्यांना पुरतं ठाऊक. पण मागची पोरं दोरीकडे धावणार हे बघून हे अंड्यांकडे वळलेच नाहीत, थेट टिटवीच्या मागे चालू लागले. आणि आमची रीत काय? पाळक जाईल तिकडे मिरवणूक.

मैदानाचं मागचं फाटक उघडं होतं. टिटवी बाहेर, हे बाहेर, क्रूस बाहेर, भोंगा बाहेर, सगळी मंडळी गात गात बाहेर! मागच्यांना पुढच्यांच्या झावळ्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, यंदा वाट बदलली. कोळीवाड्यातून गेलो, सुकायला घातलेल्या बोंबलांच्या वलांडीखालून वाकून गेलो. भिकू माडावरून ओरडला, "औंदा लांबची मिरवणूक हाय वाटतं!" आणि टिटवी आम्हाला घेऊन गेली ती सरळ खाजणात. तिथे ह्यांचा बूट पुन्हा चिखलात राहिला (ह्या वेळीही उजवाच), म्हणून हेही लंगडू लागले. पुढे लंगडी टिटवी, मागे लंगडा पाळक, त्याच्या मागे अख्खी मंडळी. मग टिटवी भुर्रकन उडाली. ठणठणीत! आम्ही सगळे चिखलात.

काका क्रूसासकट गुडघ्यापर्यंत रुतले. क्रूस सोडेनात. ठोंबरेंनी भोंगा मावशींच्या गळ्यात टाकला आणि काकांना धरलं, तर तेही रुतले. शेवटी दोघांनी क्रूस आडवा टाकला, दोन्ही टोकांना दोघे लोंबले, आणि बाकीच्यांनी तो धरून ओढला. उजवीकडचे कोण, डावीकडचे कोण, चिखलात सगळे एकाच रंगाचे. भोंगा चालूच होता, त्यामुळे "अहो काका, माझा हात सोडू नका" हे ठोंबरेंचं वाक्य पार आगरदांड्यापर्यंत ऐकू गेलं असणार. नाताळापासून वाद चालला होता पुढे कोणी चालायचं. पुढे टिटवी चालली.

बाहेर आल्यावर दोघे जे ह्यांच्यावर तुटून पडले! सगळी मंडळी एक झाली, जुने नि नवे एका सुरात. (सूर जुळला तो ह्यांना शिव्या देताना, पण जुळला.) हे उघड्या पायाने उभे, मान खाली. मला भरून आलं. मी पुढे होऊन काहीतरी तिखट बोलणार होते, पण तोंड आवरलं. त्या दिवशी मी रागात होते, ह्यांच्यावरही. जेवताना ताट आपटलं, वाढलं मात्र गरम.

काल सकाळी विहिरीवर गेले तर काका नि ठोंबरे दोघे मिळून क्रूस धूत होते. साबण लावावा की नुसती चिंच, ह्यावर वाद चालला होता. तिथेच ठरलं, उद्या दोघांनी जाऊन मोठ्या साहेबांना समक्ष भेटायचं, हा पाळक बदलून घ्यायचा. गाडी ठोंबरेंची. आणि काकांनी विचारलं, "तुम्हाला ताम्हिणीत गाडी लागते ना? आल्याच्या वड्या मी घेतो." मी कळशी खाली ठेवली आणि विहिरीच्या काठावरच बसले. दादा, गाळ्याचं कुणी नावही काढत नव्हतं! वेगळी उपासना कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. सगळ्यांची नजर अंड्यांवरून उडून लंगडणाऱ्याच्या मागे लागली होती. टिटवी देखील समुद्र आटवते म्हणतात, इथे खाडी आटली.

तू शिबिरात सांगितलंस, पुढारी उंच उडतो. मला विचारशील तर पुढारी जमिनीवर अंडी घालतो, उघड्यावर. आणि वैरी आला की चोच मारत नाही. स्वतः लंगडत, सगळ्यांचा राग स्वतःच्या अंगावर ओढून घेत, लांब चालत जातो. आपल्या प्रभूनेही ह्या आठवड्यात ह्याहून वेगळं काय केलं? मला आजवर वाटायचं, माझा नवरा कच्चा आहे. काल विहिरीवर मला त्याचा इतका अभिमान वाटला की पाणी न भरताच घरी आले. हाच माझा खुलासा. आता बदली करायची तर कर, पण कुणाची आणि कशासाठी करतोस ते समजून कर.

गाडीचा हॉर्न वाजतोय. दोघांचे पोहे खाऊन झाले. पाकीट कोणी सांभाळायचं ह्यावर थोडं वाजलं, शेवटी माणगावापर्यंत काका आणि तिथून पुढे ठोंबरे असं ठरलं. पाकीट खळीने चिकटवून वर सही करणार आहे; फुटलेलं दिसलं तर दोघांनाही सोडे देऊ नकोस. वहिनीला पुन्हा सलाम, आणि गुडघ्याला एरंडेल.

तुझीच,
सगुणा

ता.क. खरं काम आता सांगते. हे पत्र घडी करून खिशात घाल, चेहरा कडक कर (तो तुला जमतो), बाहेर जा आणि दोघांना सांग: तक्रार मंजूर, विनेशची बदली ह्याच आठवड्यात, आणि ईस्टरच्या पहाटेपासून तुमचे पाळक रेव्हरंड घनवट. घनवटांचा नुसता आशीर्वादच पाऊण तास चालतो हे अख्ख्या कोकणाला ठाऊक आहे. मग सोफ्याकडे बघ. आधी काका उठतील, मग ठोंबरे. तुझ्यावर चिडतील, आवाज चढवतील, आमचा पाळक कसाही असो तो आमचा आहे, असं म्हणतील. म्हणू दे. तू वाद घालू नकोस, शेवटी हरून मागे घे. ह्यांनी पुष्कळ लंगडून झालं दादा. आता चार पावलं तू लंगड.

ता.क. दुसरा. काल जेवताना मी ह्यांना सरळ विचारलं, अहो, मंडळी एक व्हावी म्हणून तुम्ही मुद्दाम सगळा राग अंगावर घेतलात ना? ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, कसला राग? मी तर टिटवीच्या पायाला लागलंय का ते बघत होतो; नाटक असलं तरी खात्री करावी. बुटाचं विचारलं तर म्हणाले, चिखलात गेला म्हणून लंगडलो, अनवाणी खडे टोचतात. तेव्हा मोठा पुढारी आहे की नुसता पाखरवेडा, ते मला सांगता येणार नाही. मला दोन्ही चालतील.

ता.क. तिसरा, फार घाईत. हे आत्ता मागच्या दाराने धावत आले, डोळ्यांत पाणी. पिल्लं निघाली! चारही. अंगावरची ओल सुकते न सुकते तोच चालायला लागली, आणि चालतात कशी तर पिल्लं पुढे, आई मागे. मैदान ईस्टरला मोकळं झालं, पाटी निघाली, तक्रारीला कारणच उरलं नाही. दोघे पुढच्या अंगणात गाडी पुसतायत, त्यांना काही माहीत नाही. मी सांगितलं नाही, तूही सांगू नकोस. परत येताना ताम्हिणी उतरेपर्यंत बसू दे त्यांना एका गाडीत.